नर्सबाईंची अट

नर्सबाई रागावल्या की दवाखान्याच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडायची. हे मी रंगवून सांगत नाही. धामणगाव बढ्याचा एस.टी. थांबा दवाखान्यापासून चांगला दीडशे पावलं लांब होता, आणि तिथं उभ्या असलेल्या माणसालाही बाईंच्या आवाजावरून कळायचं की आज दवाखाना उघडा आहे. त्यांना नाव होतं, पण ते जिल्हा परिषदेच्या हजेरीपटावर असायचं. गावात ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. लहानथोर सगळ्यांच्या त्या नर्सबाई.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मी बुलढाण्याहून त्या गावी शाळेवर रुजू झाले. वय तेवीस, लग्न झालेलं नाही, सोबत कुणी नाही. अशा मुलीला खोली द्यायला गाव तयार होईना. तीन घरांतून ‘विचारून सांगतो’ ऐकून मी ट्रंकेवर बसले होते. तेवढ्यात पांढऱ्या पातळातली एक बाई समोर येऊन उभी राहिली. “स्वयंपाक येते का तुले?” मी म्हटलं, येतो. “मंग चाल. मले वेळ नाई अन् हौसबी नाई.” त्या दिवसापासून आठ वर्षं मी त्यांच्या घरात राहिले. पहिले सहा महिने मला त्यांची भीती वाटायची. नंतर कळलं की त्यांच्या रागालाही शिस्त होती. रडणाऱ्यावर, विव्हळणाऱ्यावर त्या कधी ओरडल्या नाहीत. ज्याला काही करता आलं असतं आणि ज्यानं केलं नाही, त्याच्यावरच आवाज चढायचा.

त्यांचं माहेर रोहिणखेडचं, भाजीपाला पिकवणारं घर. लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा पटकीनं गेला. सासरच्यांनी परत पाठवलं. माहेरी मिरच्या खुडत आयुष्य काढायचं त्यांनी नाकारलं आणि कुणाच्या तरी ओळखीनं अकोल्याला जाऊन नर्सिंगचं शिक्षण घेतलं. धाकटा भाऊ दौलत तेवढा त्यांच्या बाजूनं होता. बाकी कुणाबद्दल विचारलं तर म्हणायच्या, “मेले ते लोक.” सगळे जिवंत होते.

पेशंट समोर बसला की त्यांचं एकच वाक्य असायचं, “काय झालं ते नोको सांगू, कवापासून झालं ते सांग.” लोक नेमकं हेच लपवायचे. एकदा बैलगाडीतून एका अडलेल्या बाईला आणलं. कळा सुरू होऊन तिसरा दिवस होता. नवरा बाहेर तंबाखू मळत उभा होता. नर्सबाईंनी त्याला हाताला धरून आत आणलं आणि पडद्याच्या अलीकडे पाठमोरं बसवलं. तो कानांवर हात ठेवायला लागला तर म्हणाल्या, “कान नोको झाकू. ऐक. तीन दिवस तिनं ऐकलं, तू दोन घंटे ऐक. अन् पुढच्या खेपेले पह्यल्या कळेले बैल जुपजो.” बाई वाचली, मूलही वाचलं. आठ दिवसांनी तो माणूस टोपलीभर वांगी घेऊन आला. तेव्हा वांगी किडकी आहेत म्हणून त्याला परत ऐकून घ्यावं लागलं.

मग मूल राहू नये म्हणून बायकांना लूप बसवायची मोहीम आली. अमुक इतक्या बायका झाल्याच पाहिजेत, असा वरून हुकूम. जीपमधून आलेले अधिकारी बायकांना सांगत, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. नर्सबाई त्यांच्यासमोरच बायकांना सांगत, “पाळी जास्त येईन. कंबर दुखन. एखादीले तरास झाला तं काढा लागन. हे चालत असन तं बस, नाई तं घरी जाय.” अर्ध्या बायका उठून जात. अधिकाऱ्यांनी बाईंना बुलढाण्याला बोलावून समज दिली. परत आल्या त्या चप्पल न काढताच बोलू लागल्या. “पोरी, मी त्याईले म्हटलं, अंग तिचं हाय. तिच्या अंगात काय घालून राह्यलो, हे तिले नाई सांगाचं तं कोणाले सांगाचं?” त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी उठून गेलेल्या बायकांतल्याच काही जणी आपणहून परत आल्या. खरं सांगितलं म्हणून.

हे सगळं आधी सांगितलं, कारण अशा बाईशी आम्ही खोटं बोललो.

त्यांचं दुखणं भर ओपीडीत सुरू झालं. एका पोराला इंजेक्शन देता देता डावा हात आपोआप उडायला लागला, सुई खाली पडली आणि मागोमाग त्याही. तोंडाला फेस. गाव म्हणालं, बाईच्या अंगात आलं. शुद्धीवर आल्या तेव्हा लिंबू-अंगारा घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी हाकलून दिलं. “देवीले दुसरी बाई नाई भेटली? मी तं तिच्या नावानं रोज भांडतो!” पण महिन्यात तीनदा तसं झालं. उलट्या, डोकेदुखी. अकोल्याच्या डॉक्टरांनी मुंबई गाठा म्हणून सांगितलं. दौलतभाऊ आणि मी त्यांना मलकापूरला रेल्वेत बसवून मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. शाळेला उन्हाळी सुट्टी होती.

डोक्यात हवा भरून एक्स-रेचे फोटो काढले, मग कवटी उघडून गाठ काढली. ऑपरेशननंतर मोठ्या डॉक्टरांनी दौलतभाऊंना आणि मला एका खोलीत बोलावलं. कॅन्सर आहे, मेंदूचा. जेवढा निघाला तेवढा काढला, आता किरण देऊ. आणि दार उघडता उघडता म्हणाले, “पेशंटला काही सांगू नका. धीर सुटतो.” दौलतभाऊ रडत होते. त्यांनी मान हलवली. मीही हलवली. वॉर्डात गेल्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पट्टीच्या खालून एकच डोळा दिसत होता. “काय निघालं?” मी म्हटलं, “साधी गाठ होती, काढली.” त्यांनी तो डोळा मिटला. मला वाटलं, पटलं.

मग शेक सुरू झाला. किरणांना सगळे शेकच म्हणत. कोबाल्टचं मोठं यंत्र, त्याखाली झोपवायचं, दार लावून सगळ्यांनी बाहेर यायचं. दुखत नाही, असं सांगितलं होतं. त्या वेळी दुखतही नव्हतं. पण पंधरा दिवसांत केस पुंजक्यांनी गळाले. डोक्याची कातडी तव्यावर करपल्यासारखी झाली. पाण्याच्या घोटाचीही उलटी व्हायची. घरी आणल्यावर दोन-अडीच महिने त्या नुसत्या झोपून असायच्या. मला ओळखायच्या, पण माझं नाव आठवायचं नाही. इंजेक्शनच्या बाटलीवरचं अक्षर लागायचं नाही. एकदा भाकरीचा तुकडा हातात धरून त्या तासभर बसून होत्या. एवढी ओरडणारी बाई इतकी गप्प झालेली पाहून मला त्या यंत्राचा असा संताप यायचा की काय सांगू. पण उलगडत उलगडत त्या परत आल्या. आवाजही परत आला. पहिला आवाज त्यांनी झाडूवाल्यावर चढवला, आणि कबुतरं उडाली.

दोन वर्षं बरी गेली. मग एक दिवस डाव्या हातातून पाण्याचा तांब्या निसटला. त्यांनी तो उचलला नाही. माझ्यासमोर येऊन बसल्या. “मास्तरीन, तवा काय निघालं होतं?”

मी काहीतरी पुटपुटले.

“सुईनं शिवलेलं डोकं, वर दीड महिना शेक. साध्या गाठीले शेक देतेत का कोणी? मले तवाच समजलं होतं. मी वाट पाहून राह्यलो होतो, तू कवा सांगतं.” आवाज चढवला नव्हता. त्यामुळेच मला भीती वाटली. “लोक खोटं बोलतेत. पण तू माह्या घरात राहून, माह्या ताटात जेवून दोन वर्षं खोटं बोल्ली. मले काय काय आवराचं होतं. कोणाले काय सांगाचं होतं. तू माहे दोन वर्ष मले न इचारता खर्च केले.”

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दवाखान्यात, दारात, रस्त्यात सगळ्यांवर ओरडत होत्या. माझ्यासाठी एक शब्द नाही. नवव्या दिवशी ट्रंक भरली आणि म्हणाल्या, “मुंबईले तूच येजो. दौलत रडते.”

तेच इस्पितळ, पण या वेळी समोर एक तरुण डॉक्टर होता. हडकुळा, जाड चष्म्याचा, पांढऱ्या कोटाच्या खिशावर शाईचा डाग. बाईंनी त्याला पहिल्या दिवशीच ‘चष्म्या’ करून टाकलं. तो माझ्याकडे पाहून बोलू लागला, “यांचा आजार उलटलाय. पूर्वी अशा पेशंटना आम्ही...”

“इकडं पाह्य,” नर्सबाई म्हणाल्या. “बिमार मी आहो, ही नाई.”

तो गोंधळला. पण खुर्ची वळवून त्यांच्यासमोर बसला, आणि मग मात्र सगळं त्यांनाच सांगितलं. गाठ पुन्हा वाढली आहे. ऑपरेशन आता होणार नाही. शेक पुन्हा देता येतो, पण पूर्वीसारखा जोराचा दिला तर चांगला मेंदूही जळतो. म्हणून ते एक नवी पद्धत तपासून बघत आहेत. रोजचा डोस अगदी लहान, दिवस जास्त, आणि एकाच बाजूनं न देता अनेक बाजूंनी. मधल्या वेळात चांगल्या भागाला सावरायला सवड मिळावी म्हणून.

“डागावर एकदम ब्रश घासला तं लुगडं फाटते, तसं,” बाई म्हणाल्या.

“तसंच.”

“किती जणाईले देल्लं आतापर्यंत?”

“थोड्याच जणांना.”

“जगले?”

“काही आहेत. काही गेले.”

“मंग हे चांगलं हाय, असं कायवरून म्हणता?”

त्यानं चष्मा काढून पुसला. “चांगलं आहे असं मी म्हणालो नाही, बाई. मला माहीत नाही. माहीत असतं तर तपासून कशाला बघितलं असतं?”

मला वाटलं, आता बाई उसळणार. पण त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “वीस वर्षं दवाखान्यात काढले. ‘माहीत नाई’ म्हणणारा डॉक्टर आज भेटला.”

मग त्यानं चिठ्ठ्यांचं सांगितलं. आजार उलटलेल्या निम्म्या पेशंटना जुना जोराचा शेक, निम्म्यांना नवा हलका. कुणाला कोणता, हे डॉक्टरानं ठरवायचं नाही. कपाटात बंद पाकिटं होती. पेशंट आला की वरचं पाकीट फोडायचं, आत जे निघेल ते द्यायचं. नाहीतर डॉक्टर आपल्या आवडत्या पेशंटला आवडतं औषध देतो, आणि खरं कधीच कळत नाही. हे ऐकून माझंच डोकं फिरलं. माणसाचं मरण पाकिटात! मी तसं बोलूनही दाखवलं. नर्सबाईंनी मला हातानं गप्प केलं.

“माही एक अट हाय,” त्या त्याला म्हणाल्या. “मी तुले माहं डोकं देतो. शेवटी काय निघालं ते तू मले सांगजो. तवा मी नसलो तं ह्या मास्तरणीले सांगजो. चिठ्ठी नोको धाडू. सामने बसून सांगजो, आता सांगतलं तसं.”

त्यानं केसपेपरच्या मागं माझं नाव आणि ‘मुक्काम धामणगाव बढे, जिल्हा बुलढाणा’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं. मग पाकीट फोडलं. हलका शेक निघाला.

बायकांच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर सुमन होती. सातारा भागातली, माझ्याच वयाची, दोन लेकरं सासूकडे ठेवून आलेली. आजार तोच, उलटलेलाच. तिच्या पाकिटातून जोराचा शेक निघाला होता. पहिला आठवडा दोघी सारख्याच होत्या. नर्सबाई तिला दवाखान्यातल्या गमती सांगायच्या, ती हसायची. दुसऱ्या आठवड्यात सुमनला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात तिला मान उचलवेना. डोक्यावरची जळालेली कातडी उशीला चिकटायची. तिकडे नर्सबाई बसून वरणभात खात होत्या, केस पातळ झाले होते पण होते. चौथ्या सोमवारी त्यांनी ताट बाजूला सारलं, उठून लंगडत गेल्या आणि राउंडला आलेल्या चष्म्याचा कोट धरला.

“माही चिठ्ठी तिले दे.”

“बाई, तसं करता येत नाही.”

“काऊन नाई येत? मी राजी आहो. मले लेकरं नाई. माहा शेक तिले दे, तिचा मले दे.”

“मी एकाचं बदललं की पुढच्याचंही बदलावं लागेल. मग सगळं वाया जाईल. कोणता शेक बरा, ते कुणालाच कळणार नाही.”

“तुले कळाव म्हणून तिनं जळाव?” सगळा वॉर्ड उठून बसला होता. “गावात वरून हुकूम येते, माणसं पायजेत म्हणून. तू तं त्याईच्याहून शिकलेला हायेस ना बे? डोळ्यानं पाहून राह्यला ना?”

“बघतोय,” तो म्हणाला. “रोज बघतोय. पण या तीन आठवड्यांवरून मी ठरवलं आणि उद्या हलका शेक घेतलेले सगळे दोन महिन्यांत गेले तर? तेव्हा कुणाला दोष देऊ?”

बाईंनी कोट सोडला नाही. त्याच्या मागं मोठे डॉक्टर उभे होते. ते एवढंच म्हणाले, “सिस्टर, पेशंटला खाटेवर न्या.” दोन नर्सांनी त्यांना धरून आणलं. नर्सबाई, ज्यांनी दुसऱ्या बायकांना हजारदा असं धरून खाटेवर नेलं होतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी त्यांना कधी सांगितली नाही. त्या कोट धरून ओरडत होत्या तेव्हा मी मनातल्या मनात म्हणत होते, देवा, त्यानं ऐकू नये. चिठ्ठी बदलू नये. सुमनचे डोळे माझ्यावर होते आणि मी हे मागत होते. त्या इस्पितळाचा, त्या पाकिटांचा मला जेवढा राग आहे, तेवढाच या गोष्टीचाही आहे.

सुमनचा शेक त्रासामुळे मधेच थांबवला होता; आमचा संपला तेव्हा ती वॉर्डातच होती. बाईंनी आपला लोकरीचा रुमाल तिच्या डोक्याखाली ठेवला. निघताना त्या चष्म्याशी बोलल्या नाहीत.

घरी आलो. या वेळी त्या झोपून राहिल्या नाहीत. डावा पाय ओढत का होईना, पंधरा दिवसांत दवाखान्यात जाऊन स्टुलावर बसू लागल्या. सुई त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही; बदलीवर आलेल्या नव्या नर्सला शेजारी उभं करून शिकवायच्या, म्हणजे ओरडायच्या. त्या पावसाळ्यात गावात गॅस्ट्रोची साथ आली, तेव्हा विहिरीत पावडर टाकायला उशीर केला म्हणून त्यांनी स्टुलावरूनच ग्रामसेवकाची अशी खरडपट्टी काढली की तो दिवसातून दोनदा पावडर टाकू लागला. रोहिणखेडला जाऊन दौलतभाऊंच्या मुलीचं लग्न पाहिलं. पंगतीत पुऱ्या कच्च्या आहेत म्हणून भांडण केलं. शेगावला दर्शनाला गेल्या आणि रांग मोडणाऱ्या एका पुढाऱ्याला मागं पाठवलं. जवळजवळ वर्ष त्यांनी असं काढलं, माणसासारखं. मला त्यांची बुद्धी, त्यांचा राग, त्यांचे टोमणे सगळं त्या वर्षात पूर्ण मिळालं.

मग मार्गशीर्षात एक दिवस त्या मधेच थांबल्या. ‘वाटी’ म्हणायचं होतं, शब्द सापडेना. हातानं गोल करून दाखवलं. मी वाटी दिली. त्यांनी ती घेतली नाही, माझं मनगट धरलं.

“आलं का वापस?”

मी म्हटलं, “हो.”

“डॉक्टरनं सांगतलं, का तुलेच वाटते?”

“परवा तपासलं तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. शेक आता पुन्हा देता येणार नाही, असं म्हणाले. आज संध्याकाळी मी तुम्हाला सांगणार होते.”

“संध्याकाळी काऊन? दुपारी काय झालं होतं?” असं ओरडल्या, आणि मग त्यांनी मला जवळ ओढलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. “खरं बोल्ली पण. आता रड.”

मी रडले. त्या रडल्या नाहीत. कुणाला काय द्यायचं, नव्या नर्सला काय सांगायचं, हे सगळं त्यांनी दोन दिवसांत आवरलं. पुढं शब्द एकेक करून गेले. दौलतभाऊंचं नाव गेलं, माझं गेलं. ओरडणं मात्र शेवटपर्यंत शाबूत होतं; नुसता आवाज, पण कुणावर आणि कशासाठी, ते आम्हाला नेमकं कळायचं. चैत्रात, भर दुपारी, माझ्या हातून पाणी पिता पिता त्या गेल्या. दवाखान्यात त्या दिवशी आलेल्या बायका तशाच रांगेनं आमच्या अंगणात येऊन बसल्या.

मी इस्पितळाला कळवलं. उत्तर नाही. दुसरं पत्र लिहिलं, तिसरं लिहिलं. वर्ष गेलं, दुसरं सरत आलं. मी समजून चुकले की आमचा कागद कुठल्या तरी गठ्ठ्यात गेला. खेड्यातली एक बाई, तिनं आपलं डोकं दिलं, काम झालं. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मला हे आठवायचं आणि खडू मोडायचा.

एका दुपारी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, कुणी मुंबईचे आलेत. चष्म्या होता. आणखी वाळलेला, एस.टी.च्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. पत्रं त्याला मिळाली होती. चिठ्ठी पाठवायची नाही असं ठरलं होतं, म्हणून त्यानं लिहिलं नव्हतं. सगळ्यांचं कळेपर्यंत थांबला होता. नाशिक, धुळे, सोलापूर, जिथं जिथं पेशंट होते तिथं जाऊन आला होता. निम्म्यांचे पत्तेच लागले नव्हते.

माझा राग त्यानं निवायला हवा होता. नाही निवाला. मी त्याला बसही म्हटलं नाही. “सुमन?” मी विचारलं.

“शेक पुरा होण्याआधीच गेली.”

“मला इथं सांगू नका,” मी म्हटलं. “तिथं चला.”

मी त्याला दवाखान्यात नेलं. आठ-दहा बायका बाकावर, ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, नर्सबाईंच्या डोक्यावर मुंबईत जे करून बघितलं, त्याचा निकाल सांगायला हे डॉक्टर आले आहेत. ऐका. मग सरळ मराठीत, कॅन्सर हा शब्द न गाळता, त्यानं सांगितलं. हलका शेक घेतलेली माणसं जोराचा शेक घेतलेल्यांपेक्षा फार जास्त जगली नाहीत. पण जेवढी जगली तेवढी चालती-बोलती जगली. माणसं ओळखत होती, जेवत होती, आपली कामं करत होती. जोराचा शेक घेतलेल्यांना ते मिळालं नाही. एवढं निघालं.

मग माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं विचारलं, “मंग आता सगळ्याईले हलकाच शेक भेटते ना?”

“नाही,” तो म्हणाला. “ते बंद केलं.”

“काऊन?”

“एका पेशंटला फार दिवस लागतात. यंत्र एकच आहे, रांग मोठी. वरचे म्हणाले, एवढा वेळ परवडत नाही. मी सगळं लिहून ठेवलंय. पुढं कुणीतरी...” वाक्य त्यानं सोडून दिलं.

ओट्याच्या कडेला एक म्हातारी बसली होती. गुडघ्याच्या औषधाला आलेली, नर्सबाईंच्या शिव्या तिनं वीस वर्षं खाल्लेल्या. तिनं पदर सावरला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “वेळ कोनाचा, बापा?”

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला त्याची सुटका करावीशी वाटली नाही. नव्या नर्सनं दोन बायकांच्या पट्ट्या बदलल्या, एकीला गोळ्या मोजून दिल्या. थांब्यावर मलकापूरच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा तो उठला, सगळ्यांना हात जोडले आणि निघाला. म्हातारी तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत होती. ती अजून उत्तराची वाट पाहत होती.